दोन शिक्क्यांचा आळ

बुधवार, ८ जानेवारी

सेक्रेटरीपदाचं हे दुसरं वर्ष. अमृतकुंभ सोसायटीत सात मजले, अठ्ठावीस बिऱ्हाडं, आणि सेक्रेटरी व्हायला राजी असलेला माणूस एकही नाही, म्हणून मी. माझी पात्रता एवढीच, की मला इंग्रजीत नोटीस लिहिता येते. महाप्याच्या कंपन्यांतल्या लोकांना 'कठीण पत्रं कशी लिहावीत' हे शिकवून मी पोट भरते, तेव्हा 'गॅलरीत ओले कपडे पिळू नयेत' एवढं जमायला हरकत नाही. इथे मराठी नोटीस कुणी वाचत नाही. इंग्रजीही वाचत नाहीत, पण तिला घाबरतात.

आज अकराला ऑनलाइन क्लास. ऐन रंगात असताना आगवाला दारात. सहा महिन्यांनी एकदा येऊन आग विझवायची यंत्रणा तपासतो तो. डोक्यावर हेल्मेट, हातात कागदांचा गठ्ठा. माझ्या कानात हेडफोन, समोर बावीस चेहरे. त्यानं तीन ठिकाणी बोट ठेवलं, मी तीन सह्या ठोकल्या. काहीतरी सांगत होता, मी मान डोलावली. त्यानं ठेवलेले कागद संध्याकाळी फाइलला लावले.

दुपारी बोंबील. आप्पाला क्लासला बसण्याआधी सारसोळ्याला चांगुणाबाई कोळणीकडे पिटाळलं होतं. आप्पा म्हणजे चौदा वर्षं आमच्याकडे असलेला वॉचमन, मूळचा जावळीकडचा. पाण्याचा पंपही तोच चालवतो. 'वॉचमनला खासगी कामे सांगू नयेत' ही डिसेंबरातली नोटीस माझीच. पण नोटीस लिहिणाराला थोडी सूट असावी. होडी उशिरा लागली म्हणून खोळंबलो, म्हणाला. बोंबील मात्र असे, की माझ्या नवऱ्यानं, विलासनं, दोनदा भात घेतला.

शुक्रवार, १७ जानेवारी

सव्वीस जानेवारीच्या पताका बांधायला आमचे चेअरमन, इंद्रजित जगदाळे, जिन्यात शिडी लावून चढले आणि सहज म्हणून त्यांनी आगीच्या पाइपाची लाल पेटी उघडली. पाइप होता. पाइपाच्या टोकाची पितळी नोझल नव्हती. मग सातही मजले पाहिले. सातही गायब.

आगवाल्याचं 'सर्व काही ठीक' असं सर्टिफिकेट आठ तारखेचं. म्हणजे चोरी त्याच दिवशी, त्याची पाठ वळल्यावर किंवा नंतर. कॅमेऱ्याचं दहा दिवसांचं चित्रण राहतं. जगदाळे, खजिनदार नमिता आणि मी, तिघं डोळे फोडत बसलो. आठ तारखेला अकरा दहा ते बारा पंचवीस गेटवरची खुर्ची रिकामी, आणि कडेला एका टेम्पोचं ढुंगण. बाकी काही नाही.

"सव्वा तास," जगदाळे म्हणाले. "सात नोझल काढायला सव्वा तास भरपूर झाला."

मी त्या वेळी घरातच होते. क्लास घेत होते. काही ऐकू आलं नाही.

रविवार, १९ जानेवारी

क्लबहाऊसमध्ये मीटिंग. क्लबहाऊस म्हणजे पंपाशेजारची खोली, जिच्यात एक कॅरमबोर्ड आणि दहा मोडक्या खुर्च्या आहेत. आप्पाला बोलावलं. तो उभाच राहिला.

"आप्पा, आठ तारखेला सव्वा तास कुठं होतास?" जगदाळ्यांनी विचारलं.

आप्पानं माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, "हितंच व्हतो. मागल्या अंगाला."

"मागच्या कॅमेऱ्यात नाहीस तू."

पुन्हा माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे का, कळेना. मी तर त्याला एक शब्द बोलले नव्हते.

"सायेब, तुमी आमच्याकडलंच हायसा," आप्पा म्हणाला. जगदाळे वाईचे. "बेल-भंडारा मागवा. म्या उचलतो. समद्यांम्होरं उचलतो."

सातव्या मजल्यावरचे कोणीतरी हसले. जगदाळे ओशाळल्यासारखे झाले. वाईचे असणं त्यांना नेरूळमध्ये फारसं मानवत नाही. "अरे आप्पा, त्या शपथा गावाकडं. आणि तुला चोर कोण म्हणतंय?"

"म्हना की," आप्पा म्हणाला. "म्हना. म्हंजे मला उत्तर देता यील."

कुणी म्हटलं नाही. आम्ही सुशिक्षित लोक. त्याला बाहेर पाठवलं आणि ठरवलं, की पोलिसांत जायचं नाही (अग्निशमन खात्याचं लचांड मागे लागेल), आप्पाला महिनाअखेर मोकळं करायचं, एजन्सीचे गार्ड आणायचे. पत्र मी लिहायचं.

निरपराध माणूस इतका गप्प बसतो का, हा प्रश्न मला घरी येईपर्यंत छळत होता. बसत नसावा.

मंगळवार, २१ जानेवारी

पत्र झालं. स्वतःच्या तोंडानं सांगू नये, पण झकास झालं.

मराठीत ही सोय नाही. मराठीत आळ असतो, बालंट असतं, किटाळ असतं, कुभांड असतं, तोहमत असते. सगळ्यांत गृहीत हेच, की घेणारा खोटारडा आहे. आळ घ्यायचा तर घेणाराला पुढे यावं लागतं आणि त्याचं तोंड लोकांना दिसतं. इंग्रजीत तोंड लपवायला पदर आहे. 'अलेज्ड' म्हणा, म्हणजे केलंय असं आम्ही म्हणत नाही, पण कुणीतरी म्हणतंय. 'सस्पेक्टेड' म्हणा, म्हणजे संशय आहे, कुणाचा ते विचारू नका. 'रिपोर्टेडली' म्हणजे कानावर आलं. 'कन्सर्न्स हॅव बीन रेज्ड' तर सर्वात सोवळं: काळज्या वर आल्या, विहिरीतल्या बेडकांसारख्या, आपापल्या.

मी 'सर्टन अलेज्ड इररेग्युलॅरिटीज' वापरलं. काही कथित अनियमितता. चौदा वर्षांच्या सेवेचा उल्लेख वरच्या परिच्छेदात, सभ्यपणे. मग अनियमितता. मग 'नो फाइंडिंग हॅज बीन रेकॉर्डेड', म्हणजे आम्ही काहीच शोधलेलं नाही. हे वाक्य दिसायला न्याय आणि वाचायला विष. चोर शब्द कुठेही नाही. कोर्टातही टिकेल.

शुक्रवार, ३१ जानेवारी

आप्पाचा शेवटचा दिवस. सोसायटीच्या लेटरहेडवरचं पत्र मी स्वतः दिलं. त्यानं दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं.

"शिक्का हाय न्हवं?"

"आहे की. हा काय."

"अजून एक मारा म्याडम. खाली. सहीपाशी."

मारला. म्हटलं, जाताना टोमणा मारून घेतोय तर घेऊ दे.

"चौदा वर्सं काढली," तो म्हणाला. "कागद तरी मिळाला. तुमी लिवला म्हंजे चांगलाच लिवला असनार."

काही माणसं अपमानही किती शांतपणे करतात. त्याची बायको शालन गेटबाहेर उभी होती; तुर्भ्याला मार्केटात कांदा निवडते ती. तिनं कागद घेऊन पदरानं पुसला आणि प्लास्टिकच्या पिशवीत घातला.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

महाप्याला एका कंपनीत अर्ध्या दिवसाची कार्यशाळा. विषय माझा लाडका: पुरावा नसताना कसं लिहावं. फळ्यावर शब्द मिरच्यांसारखे चढत्या तिखटपणानं लिहिले, ढोबळीपासून लवंगीपर्यंत. शेवटी आप्पाचं पत्र नाव झाकून पडद्यावर दाखवलं. 'हा माणूस तुम्ही कामावर ठेवाल का?' विचारलं. एकही हात वर नाही. 'यात त्याच्याविरुद्ध एक तरी वाक्य आहे का?' तरीही एकही हात नाही. मग हशा आणि टाळ्या.

घरी येऊन विलासला सांगितलं. तो पेपर वाचत होता.

"म्हणजे तू त्याला चोर म्हटलं नाहीस."

"नाही."

"आणि तो चोर नाही असंही म्हटलं नाहीस."

"विलास, ते माझं काम नाही."

"नाही ना. मग टाळ्या कशाच्या?" आणि त्यानं पान उलटलं. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला विनोद समजावून सांगायची माझी ताकद नाही.

बुधवार, १९ मार्च

लिहू की नको, असं करत चार तास काढले.

महाप्याच्या त्याच इमारतीत आज दुसरी बॅच होती. खाली लॉबीत तिथला फॅसिलिटी मॅनेजर ऋषी भेटला. हसत हसत मोबाइल पुढे केला. "मॅडम, तुम्ही इंग्लिशच्या, म्हणून दाखवतो. आमच्या मॅनेजर लोकांच्या ग्रुपवर फिरतंय. एक म्हातारा वॉचमनच्या नोकरीला येतो, आणि सर्टिफिकेट म्हणून हे दाखवतो. लॅमिनेट केलंय, बघा ना."

दोन शिक्के. माझी सही. प्लास्टिकवर ट्यूबलाइटची चमक पडलेली.

"बिचाऱ्याला कुणी सांगतच नाही," ऋषी म्हणाला. "सांगायचं तरी काय? आत्ताही बसलाय बघा."

लॉबीच्या बाकावर आप्पा होता. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर पिशवी. मला पाहून ताडकन उठला. तोंड फुललं त्याचं. "ह्याच त्या म्याडम," तो ऋषीला म्हणाला. "ह्यांनीच दिलाय कागद. इचारा ह्यांस्नी. सांगा म्याडम, कागद खरा हाय का न्हाई."

ऋषी मघाशी सर्टिफिकेट म्हणाला होता. आप्पाला ते सर्टिफिकेटच वाटतंय. पहिल्या दिवसापासून. कपाळाला लावलं ते टोमणा म्हणून नव्हे.

ऋषी माझ्याकडे बघत होता. आप्पा बघत होता.

मी म्हणाले, "हो. पत्र आमच्याच सोसायटीचं आहे." आणि लिफ्टकडे गेले, कारण बॅचची वेळ झाली होती. बॅच साडेअकराची होती. तेव्हा अकराला पाच कमी होते.

मंगळवार, १ एप्रिल

सकाळी अनोळखी फोन. "मॅडम, तुमच्या नोझल कधी नेताय? जानेवारीपासून पडल्यात. वॉशर बदलून, पॉलिश करून तयार. तुमच्या सोसायटीचा जो नंबर आमच्याकडे आहे तो कुणी उचलतच नाही, शेवटी तुमच्या गार्डकडून हा घेतला." तो नंबर मागच्या सेक्रेटरीचा, ते पुण्याला जाऊन दोन वर्षं झाली.

आजची तारीख बघता वाटलं, कुणीतरी खेचतंय. मग फाइल काढली. सर्टिफिकेटच्या मागे स्टेपल केलेला गुलाबी कागद: सात पितळी नोझल दुरुस्तीसाठी वर्कशॉपला नेल्या, आठ जानेवारी. खाली सही. तिसरी. टपोरी, वळणदार, माझी.

कागद सबंध इंग्रजीत आहे. चार ओळी. एकही अवघड शब्द नाही.

गुरुवार, ३ एप्रिल

तुर्भे स्टेशनकडून आत, ट्रक उभे असतात त्याच्या मागच्या वस्तीत आप्पाची खोली. विलास म्हणाला, मी येतो. म्हटलं, नको.

शालननं खाली सतरंजी घातली, चहा ठेवला. आप्पानं लगेच कागद काढला. "म्याडम, कागद लई भारी हाय. समदी नीट वाचत्यात. मग म्हनत्यात, कळवतो. माझं वय आडवं येतंय का, तेवडं बघा."

नोझल सापडल्याचं सांगितलं. कुणी नेल्या होत्या, कुणी सही केली होती, तेही. मग म्हटलं, आता हा कागद वाचून दाखवते. मराठीत वाचला. आयुष्यात इतका अवघड अनुवाद केला नव्हता. इंग्रजीत जे वाक्य पायघड्या घालत आलं होतं, ते मराठीत चिखलात बसलं.

आप्पानं ऐकून घेतलं. कागद उलटासुलटा केला. "ह्यात चोर कुठं लिवलंय?"

"कुठेच नाही."

"मग लोकास्नी कसं दिसतंय?"

मी चहाचा कप खाली सतरंजीवर ठेवला.

"सतरा जागी दाखवला," तो म्हणाला. कुणाला दोष देण्याच्या सुरात नव्हे; बिगारी हजेरी सांगतो तसा. "नेरूळ, जुईनगर, सानपाडा. म्हाप्याला पाच. माझ्या हातानं."

मग मी विचारलं, जे जानेवारीतच विचारायला हवं होतं. "त्या दिवशी सव्वा तास कुठे होता तुम्ही?" चौदा वर्षांत त्याला पहिल्यांदा अहो-जाहो केलं.

उत्तर दिलं शालननं, स्टोव्हपाशी पाठमोरी बसून. "सारसोळ्याला. तुमचं बोंबील आनाया. मी म्हनलं सांगा की मिटिंगीत. तर म्हनले, न्हाई. म्याडमनीच नोटीस लावलीय, वाचमनला कामं सांगू नका म्हनून. समद्यांम्होरं त्यांची नाचक्की व्हनार. त्याच सांगतील, म्हनले. त्यास्नी ठावं हाय."

मी विसरले होते, असं इथे लिहिणार होते. सतरा जानेवारीचं पान उघडून पाहिलं. 'मी त्या वेळी घरातच होते. क्लास घेत होते. काही ऐकू आलं नाही.' कुणी विचारलं नव्हतं, तरी मी हे लिहिलं होतं. स्वतःच्याच डायरीत. विसरलेला माणूस असं लिहितो का, मला माहीत नाही.

निघताना शालननं देव्हाऱ्यातली ताटली आणली. बेलाचं पान, भंडारा. "हिकडं सांगितलं तेच तिकडं मिटिंगीत सांगायचं. उचला."

"शालन, अगं..." आप्पा म्हणाला.

"तुमाला उचलू दिलं न्हवतं त्यांनी. आता ह्यांस्नी उचलू द्या."

उचललं. घरी येईपर्यंत मूठ उघडली नाही. रिक्षावाल्याला पैसे डाव्या हातानं दिले.

शनिवार, ५ एप्रिल

कमिटी. सगळं सांगितलं, बोंबलांसकट.

जगदाळे म्हणाले, "नोझल मिळाल्या ना? मग झालं तर. 'मटेरियल सिन्स ट्रेस्ड', माल नंतर सापडला, अशी नोंद करू."

"आप्पाला परत घ्यायचं."

"एजन्सीशी अकरा महिन्यांचं अॅग्रीमेंट आहे, वहिनी."

"मग निदान त्याला काढलं ते चुकीचं होतं असं लिहून द्या."

"असं कसं लिहिणार? उद्या तो नुकसानभरपाई मागेल. आणि त्याला चोर म्हटलं कुणी होतं?"

मी राजीनामा दिला. घरी येऊन नोटीस लिहिली, मराठीत, हातानं. 'आगवाल्याच्या कागदावर मी न वाचता सही केली. आप्पांना मीच माझ्या कामाला पाठवले होते. मीटिंगमध्ये मी गप्प बसले. आप्पांनी काहीही चोरलेले नाही. त्यांना दिलेले पत्र खोटे आहे आणि ते मी लिहिले आहे.' खाली सही. बोर्डाला चार टाचण्या मारल्या. अर्ध्या तासानं दूध आणायला उतरले, तर बोर्डावर नुसत्या टाचण्या होत्या.

सोमवार, ७ एप्रिल

बोर्डावर नवी नोटीस. नवी सेक्रेटरी नमिता. दोन वर्षांपूर्वी माझा कोर्स केलेली, पहिली आलेली. माजी सेक्रेटरींनी व्यक्तिगतरीत्या केलेल्या 'अलेज्ड अॅडमिशन'शी सोसायटीचा संबंध नाही. त्यांच्या कार्यकाळातील कामकाजाबाबत 'कन्सर्न्स हॅव बीन रेज्ड'. माजी कर्मचाऱ्याच्या बाबतीत पूर्वीचं पत्र कायम.

म्हणजे मी कबुली दिली, तीही कथित.

जिन्यात नमिता भेटली. "मॅम, प्लीज पर्सनली घेऊ नका. लीगली सेफ राहावं लागतं, तुम्हीच शिकवलंत."

"मी नेमकं काय केलं म्हणता तुम्ही लोक?"

"अहो मॅम, तुम्हाला कोण काय म्हणतंय?"

"म्हणा की," मी म्हणाले. ती हसून वर गेली. छान लिहिते पोरगी. एक स्वल्पविराम जास्त आहे, बाकी खोट काढायला जागा नाही.

बुधवार, १६ एप्रिल

आप्पाला मी चांगलं सर्टिफिकेट लिहून देऊ केलं होतं. नको म्हणाला. "कागद नगं आता. तुमी तोंडानं सांगा. जितं जितं म्या कागद दाखवला, तितं तितं चला." सतराही ठिकाणं त्याला क्रमानं पाठ आहेत.

सानपाड्याची दोन झाली. एकीकडे सेक्रेटरी भेटलेच नाहीत. दुसरीकडे चहा मिळाला आणि जागा नुकतीच भरल्याचं कळलं. आज महापे. आप्पा बाहेर बाकावर बसला, मी आत. ऋषीला सगळं सांगितलं, एकाही शब्दाला पदर न लावता. सही मी केली, पाठवलं मी, गप्प बसले मी, लिहिलं मी. त्यानं नीट ऐकलं. चांगला मुलगा आहे.

"मॅडम, माझा तुमच्यावर विश्वास आहे. पण हे..." त्यानं मोबाइल सरकवला. नमिताची नोटीस त्याच्या ग्रुपवर आधीच पोचली होती. "सोसायटी म्हणते तुमचं म्हणणं अलेज्ड आहे. मी वर काय दाखवू? सोसायटीकडून काही लेखी मिळालं तर बघा."

"मी तोंडानं सांगतेय ना."

"तेच तर. तोंडी कसं धरणार?" तो उठून दारापर्यंत आला. "मी कळवतो, मॅडम."

बाहेर आले. आप्पा उभा राहिला.

"सांगितलंसा?"

"सांगितलं. सगळं."

"काय म्हनले?"

"कळवतो म्हणाले."

आप्पानं मान हलवली. पिशवी खांद्याला लावली. "मलाबी तेच म्हनायचे," तो म्हणाला. मग रस्त्यापलीकडच्या निळ्या काचांच्या इमारतीकडे बोट केलं. "पुडलं ते. तितला सायेब दुपारी जेवाया जातो, बिगीबिगी चला."

ऊन टळटळीत होतं. मी त्याच्या मागे रस्ता ओलांडला.